येळवशीच्या आधी वाचावं म्हणून

छत्रपती संभाजीनगर
नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

या पाकिटात पत्रासोबत एक छापील कागद आहे आणि त्यावर सहीची जागा आहे. सही मागणारा कागद घरात आला की अण्णांना दोन दिवस जेवण गोड लागत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. म्हणून तो कागद आधी देवळीत ठेवून द्या आणि पत्र वाचून झाल्यावरच काढा. घाई कसलीच नाही. येळवशीला, वेळा अमावस्येला रानात जेवायला, मी येणारच आहे, सही केली नाहीत तरी येणार आहे.

अण्णा, मागच्या खेपेला पारावर कुणीतरी विचारलं, "लेक काय करते संभाजीनगरला?" तुम्ही म्हणालात, "कॉम्प्युटरचं काम आहे." तेव्हा मला वाटलं, पाच वर्षं झाली नोकरीला आणि माझं काम मी तुम्हाला एकदाही नीट सांगितलेलं नाही.

लातूरच्या मोंढ्यात आडत असते ना, तशी आमची कंपनी म्हणजे फोटोंची आडत. देशोदेशीचे फोटो काढणारे आपला माल आमच्याकडे आणून टाकतात. घेणारा येतो, तो कधी जाहिरातवाला असतो, कधी शाळेची पुस्तकं छापणारा, कधी एखादी बँक. त्याला "पावसात भिजणारी मुलगी" पाहिजे असली की तो ते शब्द टाकतो, समोर हजारो फोटो येतात, त्यातला एक निवडून पैसे भरतो. आडत कंपनीची, उरलेलं फोटो काढणाऱ्याचं. फरक एवढाच की सोयाबीनचं पोतं विकलं की गेलं. फोटो विकला तरी ढिगात तसाच राहतो आणि उद्या दुसरा कुणी तोच घेऊन जातो. म्हणून एका वेळचे पैसे फार थोडे येतात, कधी चहापुरतेही नाहीत. पण चांगला फोटो बांधावरच्या चिंचेसारखा वर्षानुवर्षं थोडं थोडं देत राहतो.

माझं काम आलेला फोटो तपासायचं. मोठा करून कोपरान् कोपरा बघते. हललेला आहे का, अंधारात काढल्यामुळं रवाळ झालाय का, कुठं कंपनीचं नाव दिसतं का. अण्णांच्या डोक्यावरची ती बियाण्याच्या कंपनीची टोपी, ट्रॅक्टरच्या तोंडावरचं नाव, खताच्या पोत्यावरचं चित्र, हे सगळं पुसल्याशिवाय फोटो जाहिरातीला चालत नाही. पण खरं काम त्याच्या पुढचं आहे, शब्द लावायचं. प्रत्येक फोटोला पन्नासपर्यंत शब्द लावता येतात. त्या शब्दांवरूनच तो सापडतो. शब्द चुकले तर कितीही देखणा फोटो असो, तो विहिरीत पडल्यासारखाच.

पहिल्या वर्षीची गोष्ट सांगते. दिवस मावळतानाचा एक फोटो आला, कणसांनी भरलेलं रान. पाठवणाऱ्यानं लिहिलं होतं, मका. मी बघितलं तर हुरड्यात आलेला शाळू! मला तुमचंच वाक्य आठवलं, अण्णा. मी पाचवी-सहावीत असताना बांधावर उभं करून तुम्ही दाखवलं होतंत, मक्याचं कणीस ताटाच्या कुशीत येतं आणि ज्वारीचं डोक्यावर. मी तो शब्द बदलला. मग सहज शोधत गेले तर मक्याच्या नावाखाली ज्वारी, बाजरीच्या नावाखाली ज्वारी, तुरीचं फुलोऱ्यातलं रान म्हणजे नुसती "पिवळी फुलं", आणि करडई म्हणजे "काटेरी झुडूप". दोन आठवडे रोज घरी जायच्या आधी एक तास बसून मी ते नीट केलं. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी शेतीचे सगळे फोटो माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून ठरवलं होतं. तेव्हा ज्वारी-बाजरीचे फोटो मागणारे वाढले आणि ते केलेलं काम उपयोगी पडलं. मी बारावीत असताना तुम्ही म्हणाला होतात, शेतीतलं काही तुझ्या कामाला यायचं नाही. मला तर तेच कामाला आलं.

आई, तू विचारलंस, आता म्हणे कॉम्प्युटरच फोटो बनवतो, मग तुझ्या नोकरीचं काय? काळजी आहे, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. काही कंपन्या असे बनवलेले फोटो घेतात, काहींनी नाकारले आहेत. पण एक बघ. गेल्या महिन्यात आम्ही यंत्राला सांगितलं, ज्वारीच्या रानातला शेतकरी काढ. त्यानं ताट ज्वारीचं काढलं आणि त्याच्या पोटाला मक्याचं कणीस. त्या यंत्राला रान कुठं माहीत आहे? ते फोटो आणि फोटोखालचे शब्द बघून शिकतं. शब्द चुकीचे लावले असतील तर ते चुकीचंच शिकणार आणि पुढं सगळ्यांना तेच दाखवणार. म्हणून हे शब्द लावायचं काम मला आधीपेक्षा जास्त मोलाचं वाटायला लागलं आहे.

ऑफिसात आम्ही दहा-बारा जण आहोत. शुक्रवारी दुपारी एक तास ज्यानं त्यानं आपलं स्वतःचं काम दाखवायचं, अशी पद्धत पडली आहे. माझ्या शेजारची पैठणची बाई आहे, तिच्या माहेरी माग आहे. ती पैठणीची फक्त उलटी बाजू टिपते, कारण हातमागाची खरी पैठणी दोन्हीकडून सारखीच दिसते आणि ती तिथंच ओळखू येते. नांदेडचा पोरगा कागदाला औषध लावून त्यावर लिंबाची पानं ठेवतो आणि उन्हात छापतो. कागद निळाशार होतो आणि पान पांढरं उमटतं. कॅमेऱ्याशिवायचे फोटो. मी धान्य टिपते. आई, तू दिलेलं जुनं सूप खिडकीत ठेवते, समोरून पांढरा पुठ्ठा धरते म्हणजे उजेड मऊ होऊन परत येतो, आणि त्यात जवस, कारळ, तीळ. जवसाचा दाणा जवळून किती चकाकतो! ते फोटो मी रीतीनं परवानगी काढून विकायला ठेवले आहेत. सगळ्यात जास्त जवसच जातो.

आता मुद्द्याचं.

तालुक्याच्या बँकेतल्या कॉम्प्युटरवर पूर्वी एक फोटो असायचा, हिरवीगार टेकडी आणि वर निळं आभाळ. तुम्ही एकदा विचारलं होतंत, हे कुठलं रान? आता मला माहीत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं, सोनोमा नावाच्या भागातलं. चार्ल्स ओरिअर नावाच्या माणसानं १९९६ साली रस्त्याकडेला गाडी थांबवून तो काढला आणि आमच्यासारख्याच एका आडतीत ठेवला. तिथून मायक्रोसॉफ्टनं घेऊन २००१ साली जगभरच्या कॉम्प्युटरवर लावला. तिथं आधी द्राक्षांचे मळे होते. मुळं खाणाऱ्या किडीनं वेली गेल्या, त्या उपटल्या आणि मोकळ्या टेकडीवर गवत आलं. औशाच्या बागायतदाराला विचारा, वेली उपटणं काय असतं. जगानं त्या हिरव्या गवताला सुख समजून डोळ्यासमोर ठेवलं. फोटो स्वतःहून काही सांगत नाही, अण्णा. बघणारा आपल्या मनातलं त्यावर लिहितो.

आपल्या मुलखाचं उलटं झालं आहे. आमच्या ढिगात मराठवाडा म्हणून शोधलं की भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, डोक्याला हात लावून बसलेला माणूस. आता सप्टेंबरनंतर त्यात पाण्यात कुजलेलं सोयाबीन आलं. हे सगळं खरं आहे, मी कशाला नाकारू? आपलंही गेलंच की यंदा. पण बाकीचं कुठं आहे? हुरड्याची आगटी कुठं आहे? येळवस तर शोधूनही सापडत नाही. कडब्याचा कोप नाही, त्यात पुजलेले पांडव नाहीत, सगळ्या भाज्यांची भज्जी नाही, उंडे नाहीत, कोऱ्या मडक्यातली आंबील नाही. परक्या माणसाला वाटेल, इथं कुणी कधी पोटभर जेवलंच नाही.

आणि त्या डोक्याला हात लावलेल्या माणसांमध्ये एक तुम्ही होतात. हे लिहायला मला नऊ वर्षं लागली.

२०१६ चा उन्हाळा. मी लातूरला कॉलेजात होते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळे कॅमेरे लातुरात होते आणि मलाही फोटो काढायचं वेड तेव्हाच लागलं. मैत्रिणीचा कॅमेरा घेऊन मी सुट्टीत घरी आले होते. तुम्ही रात्रभर बोअरच्या गाडीपाशी जागले होतात. सकाळी लिंबाखाली टेकलात, डोकं हातावर ठेवलंत आणि तुमचा डोळा लागला. मी फोटो काढला. चांगला आला होता. मैत्रिणीला दिला, तिच्याकडून आणखी कुणाला गेला, आणि पंधरा दिवसांनी कुठल्याशा पत्रकावर छापून आला. वर शेतकरी आत्महत्येचा मजकूर. निलंग्याहून मामांचा फोन आला. आत्या रडतच दारात उतरली. आई, तू त्या दिवशी चूल पेटवली नाहीस. अण्णा, तुम्ही पत्रक हातात घेऊन एवढंच म्हणालात, "मी तर झोपलो होतो."

त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत. पण कुणीही मोबाईल वर धरला की तुम्ही पाठ करता, बैलाचा कासरा बघायला जाता, हे मला दिसत होतं. माझं चुकलं, अण्णा. तुम्हाला न विचारता तुमचा चेहरा मी दुसऱ्याच्या हातात दिला. पत्रक कुणी छापलं ते कधी कळलं नाही, पण फोटो माझ्या हातून गेला होता.

किल्लारीच्या भूकंपात घर पडलं, म्हणून आपल्याकडे १९९३ च्या आधीचा एकही फोटो नाही. तुमच्या लग्नाचासुद्धा नाही. आजोबांचा तेवढा ओळखपत्रावरचा, तोही स्टुडिओवाल्यानं मोठा करताना वरून कोट-टाय रंगवलेला. आजोबांनी आयुष्यात कोट घातला नव्हता. मी लहानपणी त्या कोटाकडे बघत बसायचे आणि मनात यायचं, यांचं खरं बाराबंडीतलं रूप कसं असेल? मला या कामाची ओढ तिथूनच लागली, असं मला वाटतं.

आता तो कागद. फोटोतल्या माणसाची ओळख पटत असेल तर जाहिरातीसाठी तो विकायला त्या माणसाची लेखी संमती लागते. तुमचं नाव, पत्ता, तारीख, सही, आणि एका साक्षीदाराची सही. साक्षीदार म्हटलं की खरेदीखत आठवेल, पण याचा जमिनीशी काही संबंध नाही. मी पूर्ण कागद मराठीत करून मागच्या पानावर हातानं लिहिला आहे. शाळेतल्या गुरुजींकडून ताडून घ्या. आमच्याकडून फोटो घेणाऱ्याला अट असते, फोटोतल्या माणसाला बदनाम करायचं नाही, आणि आजारी, कर्जबाजारी असं काही दाखवायचं असेल तर हा केवळ प्रातिनिधिक फोटो आहे असं छापायचं. पण एकदा विकलेला फोटो कुठं कुठं लागेल ते मला आधी सांगता येणार नाही, आणि विकलेला परतही आणता येत नाही. हे समजूनच ठरवा. ऑफिसात कुणी म्हणालं, घरचेच तर आहेत, तूच कर की सही. मी नाही म्हटलं.

फोटोही पाकिटात ठेवला आहे. मागच्या येळवशीचा. तुम्ही चंबूतली आंबील शिंपडत हरभऱ्याकडेनं चालला आहात, आत्याचा नातू मागं पळतोय, आणि तुम्ही मान मागं टाकून हसताय. कोपापाशी आई पदर खोचून भज्जी वाढतेय. मी लांबून काढला, तुम्हाला कळलं नाही. म्हणजे पुन्हा न विचारताच. म्हणून गेले वर्षभर मी तो कुणालाही दाखवला नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही नेला नाही. त्याला लावायचे शब्द तेवढे वहीत लिहून ठेवलेत. येळवस, वेळा अमावस्या, आंबील, कोप, पांडव, ज्वारी, हरभरा, भज्जी, लातूर, औसा, बाप, नातवंडं, हसू. दुष्काळ हा शब्द त्यात नाही.

नको वाटलं तर कागद चुलीत घाला. फोटो मात्र ठेवा, आजोबांच्या शेजारी खिळा रिकामाच आहे. आणि आई, तुझीही संमती लागेल, तुझा कागद वेगळा आहे. अण्णा हो म्हणाले म्हणून तू हो म्हणू नकोस.

येळवशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचते. आंबिलीचं मडकं मी औशाच्या बाजारातून आणीन, तू डोक्यावरून आणू नकोस. आंबट चुका आणि वाटाणा लागेल तेवढा फोनवर सांग. अण्णांच्या चष्म्याचं काम त्याच खेपेत करू. कॅमेरा आणणार आहे, पण तुम्ही म्हणाल तेव्हाच पिशवीतून काढीन.

तुमची,
लेक