प्लेटलेटच्या पिशवीला बर्फ नको

मा. संपादक,
स. न.

डेंग्यूचे दिवस आले की रक्तपेढीच्या खिडकीशी नातेवाईक बर्फ भरलेला डबा घेऊनच उभे राहतात. तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंशांत ठेवतात, तेव्हा प्लेटलेट्सही गारच न्यायच्या, असा समज. या समजापायी चांगली पिशवी वाया जाते.

प्लेटलेट्स २० ते २४ अंशांत ठेवाव्या लागतात. गारठा लागला की तबकडीसारखी चपटी पेशी गोल होते, तिला काटे फुटतात, पृष्ठभागावरची प्रथिने एका जागी गोळा होतात. अशी पेशी रुग्णाच्या शिरेत गेली की यकृत तिला हेरून गिळून टाकते. पिशवी पुन्हा उबेत आणून हे सुधारत नाही. पिशवीत मोजल्या तर पेशी तेवढ्याच भरतील, पण रुग्णाचा काउंट हलत नाही आणि दोष मात्र डोनरच्या रक्ताला! तीव्र रक्तस्राव थांबवायला काही देशांत मुद्दाम थंड ठेवलेल्या प्लेटलेट्स वापरतात. पण त्या रक्तात जेमतेम एक-दोन दिवस टिकतात.

रक्तपेढीत ॲजिटेटरवर पिशवी सतत हलती ठेवतात, तेही उगाच नाही. पिशवीचे प्लास्टिक हवा आत-बाहेर जाऊ देते. पिशव्या एकावर एक रचल्या किंवा मोठी लेबले चिकटवली की ऑक्सिजन कमी पडतो, लॅक्टिक आम्ल साचते. आम्लता वाढून पीएच ६ च्या खाली गेला की पिशवी बाद. वाटेतला तासभर ती हलली नाही तरी बिघडत नाही, तापमान मात्र सांभाळायला हवे. म्हणून थर्माकोलचा डबा, बर्फाशिवाय. गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच.

२२ अंशांची ही ऊब जंतूंनाही मानवते. मुदत साधारण पाच दिवसांचीच, त्याचे मोठे कारण हेच. सुईबरोबर त्वचेवरचे जंतू येतात, म्हणून सुरुवातीचे थोडे रक्त वेगळ्या छोट्या पिशवीत घेतात.

वॉर्डात पिशवी आली की उजेडासमोर धरून हळूच हलवावी. आत धुरासारखी चंदेरी वलये फिरली तर पेशी तबकडीच्याच आकारात आहेत. वलये नाहीत, गुठळ्या आहेत किंवा रंग विचित्र आहे, तर चढवण्याआधी रक्तपेढीला विचारावे. वलये दिसली म्हणजे जंतू नाहीत, असे मात्र नव्हे.

शिरेत सुई तयार असेल तेव्हाच पिशवी मागवावी. फिल्टर असलेला नवा सेट घ्यावा. तांबड्या पेशींसाठी वापरलेला नको. साधारण अर्ध्या ते एका तासात पिशवी चढते, चार तासांपुढे ती लटकत ठेवू नये. सलाइन संपेपर्यंत म्हणून ती वॉर्डच्या फ्रीजमध्ये गेली, तर रक्तपेढीला परत साठ्यात घेता येत नाही. सिंगल डोनरची, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने काढलेली असेल, तर सहाएक साध्या पिशव्यांइतक्या पेशी एकदम गेल्या.

प्रत्येक पिशवीवर ‘फ्रीजमध्ये ठेवू नये’ असा ठळक मराठी शिक्का मारण्याची सक्ती रक्तपेढ्यांना करावी.

– एक रक्तपेढी तंत्रज्ञ, सांगली