ओल्या शेगडीवर आच्छादन नको

संपादक महोदय,

नोव्हेंबरअखेरचे थँक्सगिव्हिंग आटोपले की अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मराठी घरांतली अंगणातली गॅसची शेगडी, म्हणजे इथले 'ग्रिल', काळ्या आच्छादनाखाली जाते. एप्रिलमध्ये ते काढावे तर पायांना तांबूस पोपडे आणि जाळीवर गंज. दोष बर्फाला दिला जातो. आमच्या मते तो बहुतेक वेळा आच्छादन घालण्याच्या घाईचा असतो. वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा आत कोंडलेली ओल जुन्या शेगडीला जास्त खाते.

जुनी शेगडी टाकून नवी आणणाऱ्यांनी आधी तिच्या अंगाला चुंबक लावून बघावे. वेबर कंपनीची १९८५ साली आलेली 'जेनेसिस' किंवा त्या काळातल्या तशा इतर शेगड्यांचा मुख्य डबा ओतीव ॲल्युमिनियमचा आहे. आपण ज्याला जर्मनचे पातेले म्हणतो तोच धातू, फक्त बराच जाड. तो लोखंडासारखा गंजत नाही. चुंबक चिकटेल तो पायांच्या सांगाड्याला, बिडाच्या किंवा एनॅमलच्या जाळीला आणि काही शेगड्यांत बर्नरवरच्या पट्ट्यांना. एवढेच भाग सांभाळायचे असतात आणि त्यातले बरेचसे बदलताही येतात. उलट स्वस्तातल्या पुष्कळ नव्या शेगड्यांच्या 'स्टेनलेस' पत्र्याला चुंबक चटकन चिकटते. तो निकेल नसलेला, पातळ पत्रा मिठापुढे फार टिकत नाही.

सगळ्याचे मूळ मीठ. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांपुढे गेली की खाण्याच्या मिठाला पाणी सुटते, हे पावसाळ्यातली मिठाची बरणी पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. मसाला लावलेल्या कोंबडीतून, पनीरमधून ठिबकलेले तेच मीठ शेगडीच्या तळाशी चरबीत अडकून बसते. हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ वितळवायला टाकतात ते कॅल्शियम क्लोराइड तर ३०-३५ टक्के आर्द्रतेतही पाणी ओढते, आणि बुटांबरोबर, फावड्याबरोबर ते शेगडीच्या चाकांपर्यंत पोचते. त्यावर आच्छादन घातले की आतली हवा दमट ती दमटच राहते. गरम शेगडीवर घातले तर आणखी वाईट. रात्री हवा गार होते आणि झाकणाला आतून घाम फुटतो. शेगडी हिरवळीवर उभी असेल तर खालच्या मातीतली वाफही आच्छादनाखालीच जमते. चार फरशा टाकून त्यांवर ती उभी केली तरी बराच फरक पडतो.

मोसम संपताना पहिले काम चरबी काढण्याचे. झाकण लावून सगळे बर्नर १५ मिनिटे मोठ्या आचेवर ठेवावेत, मग शेगडी गार होऊ द्यावी. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे लोंबताना दिसतात, त्यांना रंगाचे पोपडे समजून लोक घाबरतात. तो रंग नव्हे, चरबीच्या धुराचा जळका थर असतो. पुट्टी लावायची पाती आडवी धरून तो खरवडावा आणि तिथे कोणताही रंग लावू नये. तारेचा ब्रश जाळीवर शक्यतो नकोच. सुटलेली तार पदार्थातून घशात जाते. वापरलाच तर जाळी नंतर ओल्या फडक्याने दोनदा पुसावी.

धुवायला गरम पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण पुरतो. ओव्हन साफ करायच्या फवाऱ्यांत बऱ्याचदा कॉस्टिक सोडा असतो. तो ॲल्युमिनियमवर पडला की फेस येतो, धातू काळवंडतो आणि खाल्लाही जातो. धुतल्यावर पाणी निथळू द्यावे आणि शेगडी पुन्हा १०-१५ मिनिटे पेटवून आतून कोरडी करावी. ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि सगळी मेहनत वाया जाते ती इथेच.

बिडाच्या जाळीला भाकरीच्या तव्याचाच न्याय. गरम असतानाच तेलाचा बोळा फिरवावा, मग कोरड्या फडक्याने इतके पुसावे की तेल लावले होते की नाही अशी शंका यावी. जाड थर चिकट होतो, त्यावर धूळ बसते आणि खाली गंज चालूच राहतो. एनॅमलच्या जाळीला आपटू देऊ नये, कारण टवका उडालेल्या जागेतून गंज कडेच्या एनॅमलखाली शिरतो. बर्नरवरच्या पट्ट्या झिजण्यासाठीच असतात. जुन्या जेनेसिसमध्ये त्या १३ आहेत. भोके पडली की बदलाव्यात, त्यांना रंग देत बसू नये.

सांगाड्याकडे मात्र नीट लक्ष हवे. तो पोकळ नळ्यांचा असतो. टोकाचे प्लास्टिकचे बूच फुटले की पाणी आत जाते, गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि जोड उसवते. खालच्या आडव्या नळीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून पाहावी. टणटणीत आवाज आला तर नळी शाबूत आहे, बद्द आवाज आला तर आतून गेली आहे. वरच्या गंजावर आधी तारेचा ब्रश, मग ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर चालवावा. खाचांतला उरलेला गंज फॉस्फोरिक आम्ल असलेल्या गंजरोधकाने काळा पडू द्यावा. गंजरोधकाच्या डब्यावर लिहिलेला वेळ गेल्यावर प्रायमरचा एक हात आणि बाहेरच्या एनॅमल रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. सगळ्यात खालच्या बिंदूला ५ मिलिमीटरचे भोक पाडून पाण्याला वाट द्यावी आणि मोटारींच्या पोकळ भागांत मारतात ते मेण त्यातून आत फवारावे. जस्ताचा रंग किंवा जस्त चढवलेले बोल्ट आगीजवळ वापरू नयेत, तापले तर त्यांचा धूर अपायकारक असतो.

झाकणाचा बाहेरचा रंग उडाला असेल तर ६५० अंश सेल्सियसपर्यंत टिकणारा सिलिकॉनचा रंग मिळतो. तो वाळल्यावर टप्प्याटप्प्याने भाजावा लागतो: १२०, २०० आणि ३१५ अंशांना प्रत्येकी अर्धा तास, मध्ये गार होऊ देत. भाजला नाही तर नखाने निघतो.

डबा आणि सांगाडा जोडणारे बोल्ट हे या शेगड्यांचे खरे दुखणे. पोलाद आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलीत एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी साचते आणि बोल्ट जाम होतो. पाना लावून जोर केला तर डोके तुटून हातात येते. जंग सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. सकाळी तेल स्वच्छ पुसून भोवतालचे ॲल्युमिनियम हीट गनने, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने, तापवावे. ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे भोक सैल होते. ज्योत लावू नये, आणि या कामाआधी सिलिंडर काढून दूर ठेवावा. परत बसवताना आट्यांना उष्णता सोसणारे अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारे वंगण, लावले की पुढच्या वेळी बोल्ट हाताने फिरतो.

सिलिंडर घरात किंवा गॅरेजमध्ये ठेवू नये, भिंत-खिडक्यांपासून दूर, बाहेर आणि उभाच ठेवावा. त्याशिवायची शेगडी गॅरेजमध्ये खुशाल ठेवा, फक्त नळीच्या तोंडावर पिशवी बांधा. वसंतात पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नरच्या नळ्या काढून बारीक लांब ब्रशने साफ कराव्यात. त्यांत कोळ्यांची कोळिष्टके असतात. वाट अडली की गॅस उलटा फिरून बटणांपाशी पेटतो. ज्योत पिवळी, आळसावलेली दिसली तर तीच खूण. गॅस सोडणारे बारीक छिद्र लाकडी काडीनेच टोकरावे, तारेने मोठे झाले तर आच कायमची बिघडते. शेवटी बटणे बंद ठेवून सिलिंडर उघडावा आणि जोडांवर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे वाढत गेले तर गळती आहे.

मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात अशी शेगडी कोणी सामानाबरोबर आणली असेल, तर तिथली खारी हवा तेच काम बारा महिने करते, म्हणून सफाई मोसमाअखेर नव्हे, दर वापरानंतर हवी. अमेरिकी रेग्युलेटर भारतीय सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसत नाही. जुगाड ॲडॉप्टर लावण्यापेक्षा गॅसचे काम जाणणाऱ्या मेकॅनिककडून जोडणी बदलून घ्यावी.

राहता राहिले आच्छादन. झाकणावर तळहात ठेवून ते पूर्ण गार लागले, आतून कोरडे दिसले, तरच आच्छादन घालावे. खालून चार बोटे मोकळे असावे, दोन्ही बाजूंना हवेच्या खिडक्या असाव्यात. हिवाळ्यात एखाद्या कोरड्या, उन्हाच्या दुपारी ते तासभर काढून ठेवावे.

आपले,
जुन्या शेगड्या दुरुस्त करणारे काही वाचक,
न्यू जर्सी