गुळवेलीचा काढा: आधी वेल ओळखा, मग मोजून उकळा

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत गुळवेलीवर टिपण आले. ‘चार-पाच पाने उकळून रोज प्यावीत’ एवढेच त्यात सांगितले आहे. काढ्यासाठी पाने नव्हे, खोड घेतात आणि तेही ओले. एरवी ओली वनस्पती सुक्याच्या दुप्पट घ्यायची असते. गुळवेल, अडुळसा, शतावरी अशा काही वनस्पती मात्र नेहमी ओल्याच वापराव्यात आणि दुप्पट करू नयेत, असे शार्ङ्गधर संहिता हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ सांगतो.

अंगठ्याएवढे जाड खोड धुऊन, वरची पातळ साल खरवडून ठेचावे. २० ग्रॅम खोडाला सोळापट, म्हणजे ३२० मिली पाणी घ्यावे. भांडे उघडे आणि आच मंद ठेवून आठवा हिस्सा, ४० मिली उरला की गाळावे. भांड्यात आधी ४० मिली पाणी ओतून काडी उभी धरावी आणि ओल चढेल तिथे खूण करावी, म्हणजे अंदाज चुकत नाही. मोठ्या आचेवर पाणी आटते, पण खोडातला अर्क पुरेसा उतरत नाही. बारीक चूर्ण टाकले तर ते तळाला बसून करपते. काढा रोज ताजाच करावा, फ्रिजमध्ये ठेवून पुरवू नये.

एक मोठा धोका वेल चुकण्याचा आहे. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले आणि त्यावरून बराच वाद झाला. आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगताना, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’पासून सावध केले. क्रिस्पाचे खोड करडे असते, त्यावर ठळक गाठी असतात आणि कापल्यावर दुधाळ चीक येतो. गुळवेलीचे खोड हिरवे, त्याला ना गाठी ना चीक. गुळवेलीची फळे लाल, गोल आणि घोसात येतात. क्रिस्पाची लांबट, नारिंगी. वेल कडुनिंबावर चढलेली असली म्हणजे ती गुळवेलच, हा समज चुकीचा आहे. टिपणासोबत दोन्ही खोडांची छायाचित्रे छापावीत, ही विनंती.

यकृताचे किंवा स्वप्रतिकारशक्तीचे (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचे) विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी हा काढा स्वतःहून घेऊ नये. इतरांनीही किती दिवस घ्यायचा ते वैद्यांना विचारूनच ठरवावे. काढा चालू असताना भूक मेली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर तो त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी.

– एक वाचक, सातारा