थांबायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

पत्ता आहे माझ्याकडे तुमचा, तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं उघडं लिहितोय. लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला गिअर, सॅडल, तंबू यांवर सल्ला देणारे पैशाला पासरी भेटतात. थांबायचं कसं, हे तुम्ही सोडून कुणीच सांगितलं नाही.

नखशिखांत भिजून तुमच्या पडवीत शिरलो तेव्हा माझं एकच टुमणं चाललं होतं, 'उद्या सकाळी निघणारच.' तुम्ही अडवलं नाहीत. टॉवेल दिलात, सायकल आत घ्यायला लावलीत आणि विचारलंत, "निघशील रे, पण कशाच्या भरवशावर?" मग एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मलाच लिहायला लावलंत. निघायची तारीख लिहायची नाही, अटी लिहायच्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आवाज नको. झाडांचे शेंडे हलले तर हलू देत, जाड फांद्या हलायला नकोत. रस्त्याचं पुढचं वळण इथून दिसलं पाहिजे. आणि बॅगेत कपड्यांचा एक जोड पूर्ण कोरडा हवा. "चारही जमल्या की मला विचारूही नकोस. एक जरी राहिली तर बस."

विजेच्या अटीवर मी वाद घातला होता, आठवतंय? रबरी टायर आहेत ना, म्हणून. तुम्ही म्हणालात, "इतकी किलोमीटर हवा फोडून खाली येते ती, तुझ्या बोटभर रबराला काय जुमानणार?" चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे, 3 सेकंदांना साधारण 1 किलोमीटर. 30 च्या आत आवाज आला की बाहेर पाऊल नाही. त्या रात्री मी अंथरुणात पडून मोजत होतो.

वाऱ्याचं गणित मात्र लगेच पटलं. ताशी 20 किलोमीटरने जाताना समोरून तेवढ्याच वेगाचा वारा आला, तर हवेचा विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. तोच वेग टिकवायचा म्हटलं तर हवा कापायला ताकदही चौपट. आडवा वारा त्याहून खोडसाळ. भरलेल्या बॅगा शिडासारखा वारा धरतात, शेजारून ट्रक जाताना वारा क्षणभर अडतो आणि तो पुढे सरकला की एकदम थप्पड बसते. हट्टाने निघून काय कमावलं असतं, कोण जाणे.

मला खरी धास्ती होती ती रिकाम्या वेळाची. ती तुम्ही ओळखलीत आणि हातात सुई दिलीत. ब्रेक पॅड काढून उजेडात धरले तर त्यांत ॲल्युमिनियमचे चकचकीत कण रुतलेले. ओल्या रस्त्यावरची रेती पॅडला चिकटते आणि ब्रेक लावला की रिम खाते, ते हे कण. एकेक टोकरून काढताना दुपार कशी गेली कळलं नाही. मग साखळी फडक्याने कोरडी पुसली, कडीकडीला तेलाचा थेंब सोडला. (माझ्या तळहाताचे काळे डाग तुमच्या दाराच्या कडीवर राहिलेत बहुतेक. माफ करा.)

टॉमस स्टीव्हन्सची गोष्टही तेव्हाच कळली. 1884 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघालेला हा गडी, सायकलवरून जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. तेहरानला पोचला आणि अख्खा हिवाळा तिथेच राहिला, शाहचा पाहुणा म्हणून! 1886 च्या डिसेंबरात योकोहामाला त्याची फेरी पुरी झाली. त्याने हिवाळा काढला आणि मी एका पावसाळी आठवड्याला वैतागलो होतो.

पाऊस थांबला, वारा पडला, कपडे वाळले, तरी त्या सकाळी धुक्यात वळण दिसेना. तुम्ही काही बोलला नाहीत, मीच सायकल परत भिंतीला टेकवली. पुढे वाटेत पुन्हा अडकलो तेव्हा मुक्काम वाढवताना जिवाची तगमग झाली नाही. याचे आभार कसे मानायचे, हे मला अजून नीट सुचलेलं नाही, म्हणून साधंच म्हणतो, मनापासून धन्यवाद.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या चार अटींत मी पाचवी घातली आहे: पुढच्या मुक्कामाच्या आधी, निम्म्या वाटेवर, एक तरी पक्कं छप्पर माहीत असलं पाहिजे. ते नसेल तर बाकीच्या चार जमूनही निघायचं नाही, असं माझं मत. तुम्हाला जास्तच सावध वाटेल कदाचित. पटतंय का ते कळवा.

तुमचा,
पडवीतला पाहुणा