चांदी, चीफ आणि आपलं शिरवळचं भांडण

अकोले,
रविवार, रात्र

प्रिय दत्ता,

दीड वर्ष झालं, तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील तर तो राग रास्त आहे. फोन करणार होतो, पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. घरात सांगितलं तर म्हणतील, गाई उलटतातच, भरवूनही परत माजावर येतातच, त्यात एवढं काय? तब्येत बरी आहे. साखर थोडी वर असते, गोळी चालू आहे.

काकूंची चांदी आठवते का? तूच ओढून काढलीस तिला, सुट्टीला आला होतास तेव्हा. भर पावसात, बॅटरीच्या उजेडात, एक पाय मागे अडकलेला. ती गाय मी विकायला लावली रे.

दोनदा भरवली, दोन्ही वेळा फळली. दोन महिन्यांनी मीच हात घालून सांगितलं, काकू, गाभण आहे, पेढे आणा. चौथ्या महिन्यात पाहतो तर परत माजावर, बळस गळतंय. गाभडल्याची खूण गोठ्यात कुठे दिसली नव्हती. ब्रुसेलाची, म्हणजे गाभ पाडणाऱ्या रोगाची तपासणी केली, निरंक आली. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं तेव्हा मी म्हणालो, गाईत दोष आहे, काढून टाका. दावं सोडताना काकूंनी तिच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ. माझ्याकडे पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात, ज्या वळूच्या रेताच्या कांड्या तिला वापरल्या त्याची वंशावळ हाती आली. कांडीवर नुसता नंबर असतो, कागद आमच्यापर्यंत पोचतच नाही. हा मागून मागून मिळवला. त्यावर एका ओळीत लिहिलंय: एचएच१ वाहक, म्हणजे गर्भ मारणारा आनुवंशिक दोष पुढे देणारा. वर पणजोबा-खापरपणजोबांच्या रांगेत आपला चीफ. मग चांदीच्या बापाचा जुना कागद काढला. तिथेही चीफ!

तुला चीफ सांगायला नको, पण लिहितो, कारण गेले आठ दिवस डोक्यात तोच फिरतोय. १९६२ साली अमेरिकेत जन्मलेला एक वळू. सोळा हजार मुली, पाच लाखांच्या घरात नाती. तिथल्या होल्स्टिन जातीच्या गुरांच्या एकूण जनुकसाठ्यात सुमारे १४ टक्के वाटा त्या एकट्याचा. दूध असं वाढलं की पन्नास वर्षं कुणाला शंका आली नाही. आणि त्याच रक्तात एपीएएफ१ नावाच्या जनुकात एक अक्षर चुकलेलं. एका बाजूने आलं तर काही होत नाही. आई आणि बाप दोघांकडून आलं की गर्भ पोटातच मरतो. जगभरात असे पाच लाख गर्भ गेल्याचा अंदाज आहे. २०११ साली सापडलं तेही कसं, तर हजारो गुरांची जनुकं तपासताना, आई-बाप दोघांकडून आलेली जी जोडी इतक्या जनावरांत दिसायलाच हवी होती ती एकाही जिवंत जनावरात सापडेना. जन्मालाच न आलेल्यांवरून दोष कळला. हे वाचलं आणि मला काकूंचा रिकामा खुंटा दिसला.

मग रात्री रेतनाच्या वह्या काढून बसलो. चांदीच्या बापाच्या एकोणचाळीस मुली या वळूला दिलेल्या. बाप वाहक धरला तर निम्म्या मुली वाहक, त्यांतला चौथा हिस्सा गर्भ जाणार, म्हणजे आठात एक. अशा पाच गाई समजून चाललो होतो, वह्यांत गाभण राहून उलटलेल्या सात निघाल्या. सातांपैकी चार मी विकायला लावल्या. एखाद्-दुसरी दुसऱ्या कारणाने गेली असेल, तेही धरतो. पण चारही मालकांना मी एकच वाक्य सांगितलं होतं.

शिरवळला, व्हेटर्नरी कॉलेजात असताना तू काय म्हणाला होतास? मोरे सरांच्या प्रॅक्टिकलनंतर, मेसच्या पायरीवर. मी म्हणत होतो, कांडीत दोन कोटी शुक्राणू आहेत, मायक्रोस्कोपखाली वळवळ झकास आहे, मग दोष गाईचाच. तू म्हणालास, वळवळ म्हणजे वंश नव्हे. बाळ्याने त्यावर तुला किती दिवस 'वंशशास्त्री' म्हणून हाक मारली! तीन दिवस आपण बोललो नव्हतो, ताटातला पापडसुद्धा वाटून खाल्ला नाही. आता जर्मनीतल्या फ्लेकव्ही जातीच्या वळूंचं वाचलं. टीएमईएम९५ या जनुकात दोष, रेत पाहावं तर एक नंबर, आणि गाभण राहण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत. शुक्राणू अंड्यापर्यंत पोचतात, पण आत शिरता येत नाही. तुझं बरोबर होतं, दत्ता. हे मी तेव्हाच ऐकायला हवं होतं.

चिऊचा बारावीचा निकाल कळला, तिला शाबासकी सांग. आईंच्या गुडघ्याचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

पुढचं सोपं आहे. त्या रक्ताच्या गाईंना दुसऱ्या वंशाची कांडी द्यायची की झालं. परवा चांदीच्या धाकट्या बहिणीला तशीच दिली. काकू शेपटी धरून उभ्या होत्या, विचारलं, "ही राहील ना रे पोटाशी?" मला तोंड उघडता आलं नाही.

त्यांना सांगायचंय, चौघांनाही. पण अंदाजावर नको. चांदीच्या बापाची एक कांडी माझ्या कंटेनरच्या तळाशी अजून आहे. त्याच्या कांड्या भरल्या तेव्हा ही तपासणी निघालीच नव्हती. तुमच्या लॅबमध्ये होईल का? होत असेल तर मी स्वतः घेऊन येतो, कुरियरवर भरवसा नाही. आणि निकाल काहीही आला तरी काकूंकडे जाताना तू बरोबर चल.

तुझा,
विन्या