आमच्या कातळावरची माती कोण खरवडणार? अणुऊर्जेचा कारभार पाहणाऱ्या मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातला हापूस बागायतदार. जैतापूर अणुवीज प्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या बाजूची जी 938 हेक्टर जमीन संपादित झाली, तीत आमच्या वडिलांच्या नावावरचा एक तुकडाही गेला. त्यामुळे आपल्याला चार ओळी लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

निमित्त असे झाले. अलीकडे आमच्याकडे अणुऊर्जेबद्दलचे गैरसमज दूर करण्याचा एक कार्यक्रम झाला. पडदा, चित्रफीत, वडापाव, जाताना एक कापडी पिशवी. एका तरुणाने उठून विचारले, फुकुशिमाचे काय? मुंबईहून आलेले साहेब प्रेमाने हसले आणि म्हणाले, "अहो, ते केव्हाच साफ झाले. लोक परत गेले, शेती करतात, मासे खातात. तुम्ही जुन्या बातम्या धरून बसला आहात." पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या आणि माइक दुसरीकडे गेला. मला माइक मिळाला नाही, म्हणून हे पत्र.

तर, साफ म्हणजे काय ते पाहू. 11 मार्च 2011 रोजी भूकंप झाला, त्यामागून सुनामी आली आणि जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राच्या तीन अणुभट्ट्यांतले इंधन वितळले. वितळलेले इंधन, पोलाद आणि काँक्रीट यांचा जो गोळा झाला आहे तो अंदाजे 880 टन. तो काढायला माणूस आत जाऊ शकत नाही. गळाच्या काठीसारखे लांबत जाणारे एक यंत्र बनवले, ते अनेकदा अडले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनंतर, पहिला तुकडा बाहेर आला. वजन एक ग्रॅमसुद्धा नाही. एप्रिल 2025 मध्ये दुसरा आला, तो त्याहून लहान. दोन्ही मिळूनही ग्रॅम भरत नाही. 880 टन म्हणजे 88 कोटी ग्रॅम, साहेब. खरे काम 2037 च्या आधी सुरू होणार नाही असे ते केंद्र चालवणाऱ्या खुद्द टेप्को कंपनीने 2025 मध्ये सांगितले. कागदावर मात्र 2051 पर्यंत सगळे आटोपायचे आहे. याला आपल्याकडे "साफ झाले" म्हणतात का? मग आमच्या राजापूरच्या एसटी स्टँडलाही आदर्श म्हणायला हरकत नाही.

लोक परत गेले, हेही अर्धेच. दीड लाखाहून जास्त माणसे घरे सोडून गेली, त्यातली वीस हजारांहून अधिक आजही सरकारी हिशोबात बाहेरच आहेत. फुताबा नावाच्या गावात ऑगस्ट 2022 पर्यंत एकालाही राहायची परवानगी नव्हती. सुमारे सात हजारांचे गाव होते ते. आता राहतात ते शे-दोनशे. मुंबईचे ते साहेब असेही म्हणाले की किरणोत्सर्गाने तिथे कुणी मेले नाही. बरे. पण पळापळीत, छावण्यांत, औषधपाण्यावाचून, खचून जे गेले त्यांची त्या एका प्रांतातली अधिकृत नोंद 2300 च्या वर आहे. शेजारच्या ओकुमा गावातल्या एका इस्पितळातून हलवताना आणि हलवल्यावर चाळीसहून अधिक रुग्ण दगावले. आमच्या वाडीतून गरोदर बाईला रात्री रत्नागिरीला न्यायचे तर रुग्णवाहिका कुठून येते हे मला माहीत आहे, म्हणून विचारतो.

आता मातीकडे येतो, कारण माझा धंदा मातीचा आहे.

तिथे त्यांनी शेतांची, अंगणांची, शाळांच्या मैदानांची वरची पाच-पाच सेंटिमीटर माती खरवडली. काळ्या मोठ्या पिशव्यांत भरली. फळझाडांच्या साली भर थंडीत जोराच्या फवाऱ्याने धुतल्या. जंगल मात्र धुता येईना, म्हणून घरांलगतची वीसेक मीटरची पट्टी साफ करून बाकीचे तसेच सोडले, आणि त्या प्रांताचा सत्तर टक्के भाग जंगलच आहे. जमलेली माती 1 कोटी 40 लाख घनमीटर. ती ठेवायला ओकुमा आणि फुताबाची 1600 हेक्टर जागा घेतली. आमच्या अख्ख्या प्रकल्पाला 938 हेक्टर लागले, आणि तिथे नुसती घाण ठेवायला 1600! कायद्याने ती माती मार्च 2045 पर्यंत फुकुशिमाबाहेर न्यायची आहे, पण घ्यायला जपानातला एकही प्रांत तयार नाही. शेवटी जुलै 2025 मध्ये तिथल्या पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या बागेत थोडी नेऊन पसरली, लोकांची भीती जावी म्हणून. निदान तेवढी लाज त्यांना आहे. आपल्या दिल्लीतल्या बंगल्यात कुंड्या किती आहेत?

आणि आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खरवडणार काय? जांभ्या कातळावर माती आहे कुठे! माझ्या वडिलांनी सुरुंग लावून खड्डे फोडले. खालच्या मळ्यातून डोक्यावरून माती आणून ते भरले आणि त्यात कलमे लावली. आई शेवटपर्यंत मानेच्या दुखण्याने बेजार होती ती त्या पाट्यांमुळे. जपान्यांनी पाच सेंटिमीटर काढली तरी खाली आणखी माती उरली. आमच्याकडे पाच सेंटिमीटर काढलीत तर खाली दगड. शिवाय तिकडे पाऊस वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास, इकडे तीन हजारांच्या वर, तोही चार महिन्यांत. सड्यावर पडलेले पाणी भेगांतून झिरपून खाली वाड्यांच्या विहिरींना आणि झऱ्यांना येते. त्या लोकांनी भट्ट्यांभोवती दीड किलोमीटरची गोठवलेल्या मातीची भिंत उभारली, जमिनीत नळ्या सोडून, तरी भूजल आत शिरायचे पूर्ण थांबले नाही. जैतापूरच्या अहवालात आमची जमीन मोठ्या प्रमाणात नापीक दाखवली होती. नापीक जमिनीत पाणी कसे वाहते याचा अभ्यास कोण करणार म्हणा.

समुद्राचेही सांगतो, साखरी नाटे गावाचे मच्छीमार माझे शेजारी आहेत. 2015 मध्ये जपान सरकार आणि कंपनीने फुकुशिमाच्या मच्छीमार संघाला लेखी वचन दिले की भट्ट्यांतून निघून साठलेल्या पाण्याचा निर्णय तुमच्या संमतीवाचून करणार नाही. हजाराहून जास्त टाक्या, तेरा लाख टनांच्या वर पाणी. 24 ऑगस्ट 2023 ला ते पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली, मच्छीमारांचा विरोध कायम असताना. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था म्हणते, गाळलेल्या पाण्याचा धोका नगण्य. असेलही, मी शास्त्रज्ञ नाही. पण चीनने त्याच दिवशी जपानी मासळी बंद केली, आणि भाव शास्त्रज्ञ ठरवत नाहीत. हापूसचेही तेच आहे. वाशीत एकदा कुजबुज उठली की हा "तिकडचा" माल, की पेटीचे काय होते ते आम्ही साध्या साक्याच्या, म्हणजे फळ आतून बिघडण्याच्या, वर्षीही पाहिले आहे.

आता पैशाचे. फुकुशिमाचा खर्च तिथल्या सरकारने 2023 च्या अखेरीस 23.4 लाख कोटी येन धरला. माझ्या पोराने मोबाइलवर रुपये केले, तेरा लाख कोटींच्या घरात जातात. म्हणजे 2025-26 च्या आपल्या संरक्षण खर्चाच्या जवळजवळ दुप्पट. तेही काम संपलेले नसताना. आणि आपण डिसेंबर 2025 मध्ये काय केलेत? अणुअपघाताची भरपाई कुणी द्यायची हे ठरवणारा 2010 चा दायित्व कायदा रद्द करून नवा शांती कायदा आणलात. नाव छान आहे. त्यात मोठ्यात मोठी अणुभट्टी चालवणाऱ्याची भरपाईची कमाल मर्यादा 3000 कोटी. तेरा लाख कोटींपुढे तीन हजार कोटी! पाव टक्कासुद्धा होत नाही. त्यावर थोडे सरकार घालणार, पण त्यालाही टोपण लावलेलेच आहे. आणि सदोष यंत्रसामग्री पुरवणाऱ्याकडून वसूल करण्याची जी वाट जुन्या कायद्यात संसदेने भोपाळ आठवून ठेवली होती, ती तुम्ही काढून टाकलीत. ज्या फ्रेंच कंपनीच्या 1730 मेगावॉटच्या सहा भट्ट्या आमच्या डोक्यावर बसायच्या आहेत, तिला याहून गोड आहेर कोणता?

भोपाळचे नाव निघालेच आहे. 1984 ची रात्र, आणि कारखान्यातला 337 टन कचरा तिथून हलला 1 जानेवारी 2025 ला. चाळीस वर्षे. तोही पिथमपूरला नेऊन जाळला, तिथले लोक रस्त्यावर येऊन नको म्हणत असताना. 337 टनांना चाळीस वर्षे लावणारे सरकार मला सांगते की काळजी करू नका.

मंत्रिमहोदय, मी चिडून लिहितो आहे असे वाटेल. चिडलोच आहे. 2010-11 मध्ये जमावबंदी मोडली म्हणून माझ्यावर गुन्हा दाखल झाला. तारखांना जाण्यात मोहोराच्या ऐन दिवसांत फवारण्या चुकल्या. एप्रिल 2011 मध्ये नाटे गावात गोळीबार झाला, एक तरुण गेला. जपानात भट्ट्या अजून धुमसत होत्या तेव्हाची ही गोष्ट. वडिलांनी जमिनीचा धनादेश घ्यायला नकार दिला. मग 2013 मध्ये भाव वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख झाला तेव्हा भावकीतल्या काहींनी घेतला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात गणपतीला दोन चुली आहेत. वडील त्यातच गेले. नोकरीचे आश्वासन होते. मुलगा विरारला खोली करून राहतो आणि कुरिअर वाटतो. बँकेत कर्जाला गेलो तर साहेब गावाचे नाव वाचून फाइल बाजूला ठेवतात. मुलाला सांगून आलेली दोन स्थळे "तुमच्याकडे ते अणूचे येणार ना" म्हणून परत गेली. भट्टी नाही, वीज नाही, अपघात नाही, आणि आमचे सगळे नुकसान मात्र आधीच होऊन बसले आहे. याचा रकाना तुमच्या भरपाईच्या तक्त्यात कुठे आहे? गुडघ्यांचे दुखणे मी त्यात धरत नाही.

बरे, हे एकट्या अणूचेही नाही. आधी अणू, मग नाणारची रिफायनरी, तिथून हाकलली तर बारसूच्या सड्यावर, जिथे हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे आहेत. प्रत्येक वेळी आमचा कातळ ओसाड, आम्ही अडाणी आणि विरोधक बाहेरचे. तारापूरच्या अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांना विचारा पुनर्वसन म्हणजे काय. त्याच तारापूरला 1969 च्या दोन अमेरिकी भट्ट्या आहेत, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीपेक्षाही जुन्या, आणि त्याही समुद्रकाठी. कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही मोर्चे काढतात. सरकार पक्ष बदलते, साहेब बदलतात, आमच्याकडे येणारी कापडी पिशवी तेवढी तीच असते. जपानच्या संसदेने नेमलेल्या आयोगाने 2012 मध्ये लिहून दिले की फुकुशिमा ही मानवनिर्मित आपत्ती होती. सरकार, नियामक आणि कंपनी यांचे साटेलोटे त्याच्या मुळाशी होते. तरीही 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकार भरपाईला जबाबदार नाही असे ठरवले, आणि 2025 मध्ये कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांवरची 13 लाख कोटी येनची भरपाई वरच्या न्यायालयाने उडवली. शिस्तीच्या जपानात हे, तर आमचा कुठे पाड लागणार?

मला भाषण नको. लेखी सांगा: अपघात झालाच, तर माडबनपासून चाळीस किलोमीटरची माती कोण काढणार, कुठे ठेवणार, कुणाच्या पैशाने आणि किती वर्षांत. चाळीस का, तर इइताते हे गाव फुकुशिमाच्या भट्ट्यांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर होते. वारा फिरला, बर्फ पडला आणि महिन्याभराने त्यांना सांगण्यात आले की आता तुम्हीही निघा. आमच्याकडे आपत्कालीन आराखडा 16 किलोमीटरचा असतो म्हणे. चाळीसचे वर्तुळ काढलेत तर विजयदुर्ग अंगणात येतो, राजापूर आत, देवगड आत, खारेपाटण आत, पावस आत, रत्नागिरी काठावर. म्हणजे हापूसच्या नावाने जगात जे काही विकले जाते त्याचा गाभाच. आणि साफसफाईला माणसे कोण? जपानात कंत्राटाखाली कंत्राट, आणि 2018 मध्ये तर व्हिएतनामहून कामधंदा शिकायला आलेल्या पोरांना न सांगता हे काम करायला लावल्याचे उघड झाले. आमच्या बागांत नेपाळी गडी राखणीला असतात. त्यांचीच नावे लिहून ठेवली आहेत का?

उत्तर मराठीत पाठवा. इंग्रजीतली शंभर पानांची पीडीएफ पाठवून प्रश्न निकाली काढल्याची नोंद करू नका. आपण स्वतः आलात तर उत्तमच, पण जुलैत या. सड्यावर उभे राहून पाणी कुठून कुठे जाते ते मी दाखवतो. त्या दिवसांत हेलिकॉप्टर उतरत नाही, तेव्हा महामार्गाने यावे लागेल, आणि त्याचेही काम किती वर्षे चालले आहे ते वाटेत पाहता येईल.

आपला,
एक आंबा बागायतदार
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी