‘ए’ पुडीत कॅल्शियमच नसल्याबाबत तक्रार

पुणे, दि. ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : हायड्रोपोनिक्स (मातीविना, पाण्यात रोपं वाढवण्याच्या) खताच्या ‘ए’ पुडीतील दोष, पैसे परत मिळणे व लेखी खुलासा मिळणेबाबत

महोदय,

६ जुलैला मी तुमच्याकडून ‘ए’ आणि ‘बी’ खताच्या दोन जोड्या ऑनलाइन मागवल्या. बिल ६४० रुपये. त्यावर वाढवलेल्या लेट्यूसची पानं करपली. त्याबद्दल तुमच्या कस्टमर केअरला तीन फोन आणि दोन मेल झाले. दर वेळी उत्तर एकच : “मॅडम, सिस्टीम आमची नाहीये, तुम्ही घरी बनवलीये, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही.” म्हणून आधी सिस्टीमचंच सांगून टाकते.

शेजारच्या बिल्डिंगचं काम संपल्यावर उरलेले ४ इंची पीव्हीसी पाइप, दहा फुटांचे दोन, प्लंबरने मला दोनशे रुपयांत दिले. मधोमध कापून चार तुकडे केले, प्रत्येकात आठ-आठ इंचांवर सात भोकं पाडली. ४० लिटरच्या टबातलं खताचं पाणी कूलरचा १८ वॅटचा पंप पाइपांतून फिरवतो. नेट पॉटऐवजी (रोप धरणाऱ्या जाळीदार कपांऐवजी) चहाचे प्लॅस्टिकचे कप घेतले आणि तापवलेल्या दाभणाने त्यांना भोकं पाडली. कोकोपीटचा चुरा पंपात अडकतो, म्हणून रोपं स्पंजच्या तुकड्यांत लावली. पाच फुटांत दोन इंच उतार ठेवलाय. शेवाळ धरू नये म्हणून टबावर काळं प्लॅस्टिक. टीडीएस मीटर धरून सगळा खर्च १,७५० रुपये. दिसायला देखणं नाही, कबूल. पण फेब्रुवारीपासून ते न थांबता चाललंय आणि दुसऱ्या खतावर मी त्यात पालकाच्या दोन तोडण्या घेतल्या आहेत. ते खत संपलं आणि तुमचं स्वस्त दिसलं, हा मोह माझा.

१२ जुलैला लेट्यूसची रोपं लावली. तुमच्या पत्रकात आरओचं पाणी वापरा असं आहे, तेच वापरलं. पीएच ६ च्या आसपास, दोन दिवसांआड तपासलेला. दुसऱ्या आठवड्यात अगदी गाभ्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग काळ्या पडून आत वळल्या. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत. कॅल्शियम झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सरकत नाही, त्यामुळे ते कमी पडलं की पहिला फटका नव्या पानांना बसतो. तुमच्या माणसाने दमट हवेवर बोट ठेवलं. तेही कारण असू शकतं, म्हणून मी आठवडाभर टेबलफॅन लावून पाहिला. फरक शून्य. मीटर तर रोज बरोबर आकडा दाखवत होता, पण तो पाण्यात एकूण क्षार किती एवढंच सांगतो. कोणते, ते नाही.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत २७ वर्षं सहायक होते. ‘ए’ आणि ‘बी’ वेगळ्या पुड्यांत का देतात हे मला माहीत आहे. एकात कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात फॉस्फेट आणि सल्फेट. दाट द्रावणं एकत्र केली की पांढरा साका बसतो. म्हणून एका वाटीत चमचाभर ‘ए’, दुसरीत चमचाभर ‘बी’, अर्धी-अर्धी वाटी पाण्यात विरघळवून एकत्र ओतले. काही नाही. रात्रभर ठेवलं, सकाळी वाटीचा तळ स्वच्छ दिसत होता. मग कृषी सेवा केंद्रातून सुटं कॅल्शियम नायट्रेट आणलं आणि तेवढंच तुमच्या ‘बी’च्या द्रावणात ओतलं. बघता बघता वाटीत ताक झालं! म्हणजे ‘बी’ ठीक आहे. ‘ए’मध्ये कॅल्शियम नाही, किंवा नावापुरतं आहे.

निफाडला माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. तो राखीला आला तेव्हा ओट्यावर ‘ए’ची पुडी तीन दिवस उघडी पडली होती. त्याने चिमूटभर बोटात चोळली आणि म्हणाला, “ताई, कॅल्शियम नायट्रेट या हवेत असं उघडं ठेवलं असतं तर एका दिवसात लगदा झाला असता. हे तर पिठासारखं कोरडं आहे. मला तर १३:००:४५, म्हणजे कॅल्शियम नसलेलं पोटॅशियम नायट्रेट वाटतंय.” त्याचा अंदाज खरा की खोटा, ते तुम्हीच सांगू शकता. कारण पुडीवर कोणत्याही घटकाची टक्केवारी छापलेली नाही, फक्त लेट्यूसचा फोटो आहे.

३१ जुलैपासून मी टबात २५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट वेगळं घालते आहे. पाइप तेच, पंप तोच, कप तेच. आता फुटलेली पानं स्वच्छ आहेत. करपलेली सुधारणार नाहीत, २८ पैकी १९ रोपं उपटून टाकावी लागली.

माझं म्हणणं एवढंच. ६४० रुपये परत करावेत. दोन्ही पुड्यांत काय आणि किती टक्के आहे, ते लेखी कळवावं. आणि याच बॅचच्या पुड्या ज्यांना गेल्या असतील त्यांना कळवावं, नाहीतर ते बिचारे आपल्या पाइपांना दोष देत बसतील, जशी मी पहिले दहा दिवस बसले होते.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार कृषी विभागाच्या खत निरीक्षकाकडे अर्ज देईन.

दुसऱ्या जोडीतली ‘ए’ची पुडी मी फोडलेली नाही. सील तसंच आहे. तुमचा प्रतिनिधी किंवा निरीक्षक, जो आधी येईल त्याच्या हाती ती देईन.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : बिलाची प्रत, पानांचे आणि दोन्ही वाट्यांचे फोटो, पुडीच्या दोन्ही बाजूंचे फोटो